मदत हवी आहे: १४ लिटरच्या संकरित गाईचं फॅट ३.१ वर आलंय, खुराक वाढवला तरी उतरतंच आहे

गोठा_औसा
राम राम मंडळी. तालुका औसा, जि. लातूर. एचएफ (होल्स्टीन) संकरित गाय, तिसरं वेत, व्यायला दोन महिने झाले. दोन्ही वेळचं मिळून १४ लिटर. फॅट ३.१ आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ) ८.१ लागतंय. दर ३.५/८.५ ला धरलेला, त्यामुळे लिटरमागं कपात होते. शेण पातळ, आंबूस वासाचं, त्यात मक्याचे कण.

रोजचं खाणं: उसाचे वाढे २० किलो, सोयाबीनचं भुसकट २ किलो, मका भरडा ५ किलो, सरकी पेंड २ किलो, मूठभर मीठ. खनिज मिश्रण नाही. खुराक धारेच्या वेळी पाण्यात कालवून, दोनदा. फॅट वाढेल म्हणून मका ३ चा ५ किलो केला, तर फॅट आणखी खाली. वाढे थोडे गव्हाणीत उरतात. घरी ज्वारीचा कडबा आहे, १० गुंठे लसूणघास आहे. रेशन कसं बसवू?

मांजराकाठ
दादा, तीन गोष्टी सांगा. गाईचं वजन किती? वासराला दूध कधी पाजता? भरडा किती बारीक?

वजनकाटा नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांच्या लगेच मागं छातीचा घेर इंचात, आणि खांद्याच्या टोकापासून माकडहाडापर्यंत लांबी इंचात. घेर × घेर × लांबी, भागिले ६६०. येईल ते किलो.

गोठा_औसा
घेर ६६, लांबी ६०, म्हणजे ३९६ किलो. वासरू धार झाल्यावर शेवटी सोडतो. भरडा पिठासारखाच आहे, गिरणीतून दळून आणतो.

मांजराकाठ
मग थोडं फॅट वासराच्या पोटात जातंय. पहिल्या धारेचं दूध पातळ असतं, शेवटच्या धारेत फॅट सगळ्यात जास्त. पान्हा सुटायला वासरू सुरुवातीला अर्धा मिनिट लावा, मग आचळं पूर्ण रिकामी करा आणि वासराला मोजून बादलीनं पाजा. पण शेण पातळ आहे आणि एसएनएफही कमी आहे, ते काही वासरामुळे नाही. तिथं खाण्यातच घोळ आहे.

पशुपोषण_परभणी
हिशेब मांडून दाखवतो. किलोवर जाऊ नका, आधी पाणी वजा करा. २० किलो वाढ्यांत १४ किलोच्या वर पाणीच असतं, शुष्क पदार्थ साधारण ५.६ किलो.

४०० किलोच्या आणि १४ लिटर देणाऱ्या गाईची गरज: शुष्क पदार्थ १२ ते १२.५ किलो. शरीर चालवायला सुमारे ४०० ग्रॅम प्रथिनं, वर लिटरमागं ८५ ग्रॅम, म्हणजे एकूण १.६ किलो. पचणारे घटक, ज्याला आपण टीडीएन म्हणतो, ते शरीरासाठी ३.१ आणि लिटरमागं ०.३, मिळून ७.३ ते ७.५ किलो.

तुमचं सध्याचं खाणं (पुढचे आकडे शुष्क पदार्थ, प्रथिनं, टीडीएन या क्रमानं, सगळे किलोत):
वाढे २० किलो: ५.६, ०.२८, २.८
भुसकट २ किलो: १.८, ०.०८, ०.७५
मका ५ किलो: ४.४५, ०.४५, ३.६५
सरकी पेंड २ किलो: १.८५, ०.४४, १.३
बेरीज: १३.७, १.२५, ८.५

ऊर्जा किलोभर जास्त, प्रथिनं ३५० ग्रॅम कमी. एसएनएफ पडायला प्रथिनांची ही तूट मोठं कारण आहे. फॅटचं कारण वेगळं. एका वेळी अडीच किलो मक्याचं पीठ, तेही कालवून, म्हणजे गाय चघळत नाही, गिळते. लाळ सुटत नाही आणि कोटीपोटात (चारा आंबतो त्या पहिल्या मोठ्या पोटात) स्टार्च झपाट्यानं आंबून आम्लता वाढते. फॅटसाठी लागणारं ॲसिटिक आम्ल चाऱ्याचा तंतू पचवणारे जिवाणू तयार करतात, आणि आम्लता वाढली की आधी तेच मरतात. म्हणून मका वाढवला तसं फॅट उतरलं. असंच चालू राहिलं तर पुढे खुरं दुखायला लागतील.

त्याच क्रमानं नवं रेशन:
कडबा कुट्टी ४ किलो: ३.६, ०.१४, १.८
वाढे ८ किलो: २.२५, ०.११, १.१
लसूणघास ६ किलो: १.२, ०.२२, ०.७
मका भरडा २.५ किलो: २.२, ०.२२, १.८
सरकी पेंड १.५ किलो: १.४, ०.३३, १.०
सोयाबीन पेंड १ किलो: ०.९, ०.४५, ०.७
तूर चुनी १ किलो: ०.९, ०.१५, ०.६
बेरीज: १२.४५, १.६२, ७.७

वर खनिज मिश्रण ५० ग्रॅम आणि मीठ ३० ग्रॅम, मोजून. मूठ प्रत्येकाची वेगळी असते. हे आकडे सरासरी आहेत, पेंडेचा दर्जा पोत्यागणिक बदलतो, म्हणून दूध आणि शेण पाहून पाव-अर्धा किलो इकडं-तिकडं करावं लागेल.

रेणापूरची_ताई
कुट्टी फार बारीक करू नका, एक-दीड इंच राहू द्या. पिठासारखी कुट्टी पोट भरते पण रवंथ घडवत नाही. भरडा रव्यापेक्षा जाड ठेवा, पण अख्खा दाणाही नको, तो शेणात तसाच निघतो. आणि खुराक कोरडा, कुट्टीवर पसरून, दिवसातून तीनदा. बसलेल्या गाईची रवंथ मोजा: एका घासाला ५० ते ६० वेळा चघळायला हवं. ४० च्या आसपास असेल तर तंतू अजून कमी पडतोय.

गोठा_औसा
ताई, दादा, फार उपकार झाले. दोन शंका. सोयाबीन पेंडेऐवजी घरचं सोयाबीन भरडून घातलं तर? आणि वाढे एवढे का कमी केले? ते तर फुकट मिळतात.

पशुपोषण_परभणी
कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं ३८-४० टक्के, पण १८-२० टक्के तेलही असतं. जास्त झालं की तेच तेल तंतू पचवणाऱ्या जिवाणूंना मारतं. तुम्हाला फॅट वाढवायचंय, म्हणजे उलटं होईल. घालायचंच तर भाजून, अर्ध्या किलोच्या आत. आणि हे नीट लक्षात ठेवा: कच्चं सोयाबीन आणि युरियाचा चारा एकत्र कधीही नाही. कच्च्या सोयाबीनमधलं युरिएज नावाचं विकर युरियाचा अमोनिया झटक्यात करतं आणि जनावर तासा-दोन तासांत दगावू शकतं.

पेंड स्वस्त की महाग हे पोत्यावर ठरवू नका, प्रथिनांवर ठरवा. समजा सरकी पेंड ३४ रुपये किलो आणि प्रथिनं २२ टक्के, तर एक किलो प्रथिन १५५ रुपयांना पडलं. सोयाबीन पेंड ४५ रुपये, प्रथिनं ४५ टक्के, तर १०० रुपयांना. तुमच्या बाजारातले आजचे भाव घालून बघा. सरकी पूर्ण बंद करू नका, तिच्यातलं थोडं तेल आणि टरफलाचा तंतू या गाईला हवाच आहे.

मांजराकाठ
वाढ्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, ते गाईच्या अंगी लागत नाही. नुसत्या वाढ्यांवर ठेवलेल्या गाई दूध देताना हाडातलं कॅल्शियम काढतात, मग माज लांबणं, उलटणं (गाभ न राहता परत माजावर येणं) सुरू होतं. फुकटचा चारा तिथं महाग पडतो. लसूणघासात कॅल्शियम भरपूर असतं, म्हणून ती जोडी बसते. पण लसूणघास ओली, कोवळी आणि उपाशी पोटी नको, पोट फुगतं. आधी कडबा, मग ती.

गोठा_औसा
उन्हाळ्यात पाणी आटलं की लसूणघास जाते. तेव्हा?

पशुपोषण_परभणी
६ किलो लसूणघास गेली की २२० ग्रॅम प्रथिनं गेली. सोयाबीन पेंड अर्धा किलो वाढवा, तेवढी भरून येतात. शुष्क पदार्थासाठी कडबा अर्धा-पाऊण किलो जास्त, आणि खनिज मिश्रण ७० ग्रॅम करा, कारण कॅल्शियमही गेलं. पाणी हाती असेपर्यंत मक्याचा मुरघास भरून ठेवता आला तर सर्वात बरं. दाणा दुधाळ ते चिकाचा असताना कापा, दाबून हवा काढा, ४५ दिवसांनी उघडा. ज्वारीचं कडवळ लावलं तर फुलोऱ्यात आल्याशिवाय कापू नका, पाण्याचा ताण बसलेलं कोवळं कडवळ विषारी असतं.

रेणापूरची_ताई
आणि हाच तक्ता शेजारच्या देवणी किंवा लाल कंधारी अशा देशी गाईला लावू नका. ४ लिटर देणाऱ्या गाईला शरीरासाठी दीड किलो खुराक आणि दर अडीच लिटरला एक किलो, म्हणजे तीन किलोच्या थोडं वर. बाकी कडबा आणि हिरवं.

पशुपोषण_परभणी
एकदम बदलू नका. मका तेवढा आजच ५ वरून ४ करा, बाकी दर दोन-तीन दिवसांनी पाव हिस्सा, पूर्ण बदलाला १० ते १२ दिवस. तोवर खाण्याचा सोडा १०० ग्रॅम, दिवसभराच्या खुराकात वाटून. दूध पहिले चार-पाच दिवस अर्धा-एक लिटर हलेल, त्याला घाबरून परत मका चढवू नका. शेण पाचव्या-सहाव्या दिवशी घट्ट व्हायला लागेल, फॅट दोन ते तीन आठवड्यांत. सकाळचं आणि संध्याकाळचं फॅट वेगळं लिहून ठेवा आणि १५ दिवसांचे आकडे इथं टाका. शेणात तेव्हाही मका दिसला तर भरड्याचा फोटोही.