पंच म्हणतील ती पूर्व दिशा? मग स्कोअरशीट छापता कशाला?

सांगलीकरीण
काल आमच्या रायडिंगच्या पालकांच्या ग्रुपवर एकानं लांबलचक पोस्ट टाकली. म्हणणं असं की हल्लीच्या आईबापांना हार पचत नाही, पंचानं दोन मार्क कमी दिले की लगेच अन्याय अन्याय ओरडतात, पोराला घोड्यावर बसवायचं असेल तर आधी स्वतः निकाल गिळायला शिका नाहीतर कॅरम खेळवा. खाली ढीगभर अंगठे आणि जोडलेले हात. मी तिथं काही लिहिलं नाही, कारण तिथं तोंड उघडलं की पुढच्या रविवारी मुलीच्या वाट्याला कुठला घोडा येतो ते मला चांगलं माहितीय. म्हणून इथं लिहिते.

इथल्याच एका स्पर्धेत मुलगी ड्रेसाजच्या (ठरलेल्या वाटेनं घोडा शिस्तीत चालवून दाखवायचा प्रकार) सगळ्यात खालच्या टेस्टला उतरली होती. घोडी रेसवरनं रिटायर झालेली, तोंडाला कडक, गर्दी बघितली की कान मागं टाकणारी. पण त्या दिवशी शहाण्यासारखी चालली. मधल्या रेषेवरनं आत आली, एक्सला, म्हणजे बरोबर मध्यावर, थांबली, मुलीनं सॅल्यूट केला तरी हलली नाही. ज्यांनी ही घोडी पाहिलीय त्यांना यातच सगळं कळेल. निकाल लागला, सहावा नंबर. असू दे सहावा. पण बोर्डावर तिच्या नावापुढं 'एरर' म्हणून गुण कापलेले. अहो घंटा कुठं वाजली? वाट चुकली की समोर सी अक्षरावर बसलेला पंच घंटा वाजवतो ना? आणि जिला पहिला नंबर दिला तिच्या घोड्यानं कँटर (संथ दौड) चुकीच्या पायावर धरला आणि अर्धं वर्तुळ तसाच पळाला, सगळ्या मैदानानं बघितलं. ती मुलगी ज्या सरांकडं शिकते तेच सर पंचाच्या खुर्चीत. एकच पंच. शेजारी शीट लिहायला बसलेला मुलगा पण त्यांच्याच तबेल्यातला.

शीट मागितली तर म्हणाले, "ताई, शीट पुण्याला गेल्या." कशाला गेल्या? हवापालट करायला?

आता मला सांगा, प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा मार्क आणि समोर शेऱ्याचा रकाना, हे सगळं स्वारासाठीच असतं ना? कुठं चार पडले, का पडले, हे कळल्याशिवाय पोरगी सुधारणार कशी? निकाल मी गिळते, पण ताटात काय वाढलंय ते तरी बघू द्या की.

दफादार_रिटायर्ड
ताई, तळमळ कळाली. मी रिसाल्यात (घोडदळात) होतो, आता सातारा सांगली कोल्हापूर जिथं बोलावतील तिथं पंच म्हणून बसतो. मानधन म्हणजे शाल, नारळ आणि संयोजकाला आठवलं तर पेट्रोल. वर ही बोलणी.

दोन गोष्टी सांगतो, राग मानू नका. सी वर बसलेल्याला घोडा समोरनं येताना दिसतो. सरळ आला का मागचा भाग एका बाजूला टाकून आला हे त्यालाच कळतं, बाजूला दोरीपाशी उभ्या आईला नाही कळणार. दुसरं, घंटा प्रत्येक वेळी वाजवलीच पाहिजे असं नाही. घंटेनं टेस्टची लय मोडणार असेल तर पंच न वाजवता चूक धरू शकतो, नियमातच आहे.

आणि पोरीनं तोंडानं च्यक् च्यक् केलं का ते बघा. ड्रेसाजला आवाज चालत नाही, त्या हालचालीचे गुण जातात. 1932 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकला स्वीडनच्या सँडस्ट्रॉमचं रौप्य होत होतं, जिभेनं आवाज केला म्हणून त्याला शेवटच्या नंबरावर टाकला. तो म्हणाला की आवाज खोगीराचा होता. ऐकलं का कुणी? नाही.

सांगलीकरीण
काका, व्हिडिओ आहे पण त्यात पोरीचा आवाज कुठनं ऐकू येणार? मागं समालोचक बोंबलतोय, "आता येत आहे सांगलीची वाघीण", त्यात प्रायोजकाच्या दुकानाचा पत्ता तीनदा. स्पीकर तर घोडीच्या कानाशी. ड्रेसाजला समालोचक ठेवणारे हे जगातले पहिलेच असतील.

आणि आईला दिसत नाही म्हणता, मग समोरच्याला तरी सगळं कुठं दिसतं? घोडा पाऊल लांब टाकतोय का तोकडं, हे बाजूच्या ई नाहीतर बी अक्षरावरनं कळतं, हे तुमच्यासारख्यांनीच शिकवलंय. म्हणूनच ऑलिम्पिकला सात पंच सात अक्षरांवर बसतात. इथं एकच खुर्ची, ती पण घरातली.

खटावचा_खोंड
ओ ताई समालोचकाला नावं ठेवायची न्हाईत हां. समालोचक हाय म्हणून मैदान उभं राहतंय. आमच्या बैलगाडीच्या मैदानात तोंडपाठ सांगतो कुठल्या गावचा बैल, कुणाचा ड्रायव्हर, कुठल्या तासातनं (पट्ट्यातनं) पळाला. माणसं त्याच्यासाठी येत्यात.

बाकी तुम्ही घोडंवाल्यांनी आमच्याकडनं शिका जरा. पहिलं झेंडा पंच सांगल ते खरं असायचं आणि मग काठ्या निघायच्या. आता निकाल कॅमेऱ्यावर. स्लो मोशन लावायचं, सगळ्यांसमोर स्क्रीनवर दावायचं, विषय संपला. कुणाचा सर न कुणाचा पावणा.

कराडी_कट्टा
विषय संपला म्हणे 😂 भावा, मागच्या सीझनला मी स्वतः होतो एका मैदानात, आमच्या पाव्हण्यांची जोडी सेमीला. कॅमेरा रेषेच्या बरोबर सरळीत नव्हताच, हातभर पुढं लावलेला, ट्रायपॉड एका ट्रॉलीवर. तिरकं बघितलं की कॅमेऱ्याजवळच्या तासातली गाडी एकीकडं दिसते आणि पलीकडची खरी कुठं आहे ते वेगळंच. पाव्हण्यांचा बैल मानभर पुढं होता, स्क्रीनवर बरोबरीत दाखवला आणि चिठ्ठी टाकली. चिठ्ठीत गेली फायनल. यापेक्षा झेंडा पंच बरा, निदान शिव्या घालायला माणूस तरी असतो.

खटावचा_खोंड
हरल्यावर सगळ्यांचाच बैल मानभर पुढं असतो. कुठलं मैदान, कुठला तास, सांग की.

कराडी_कट्टा
नाव घेऊन वाद नको. पाचवा तास. तू तिथं नव्हतास एवढं नक्की.

वाईचा_वकील
बैल जरा बाजूला बांधा.

ताईंच्या मुद्द्यावर बोलतो. आंतरराष्ट्रीय नियमात प्रोटेस्ट (हरकत) लेखी द्यावा लागतो, सोबत अनामत, आणि निकालाबाबत असेल तर निकाल जाहीर झाल्यापासून 30 मिनिटांत. पंचानं पाच दिले ते सहा का नाहीत यावर प्रोटेस्ट चालतच नाही, तो त्याच्या नजरेचा भाग. पण बेरीज चुकली, नियम चुकीचा लावला, यावर चालतो. आणि आपल्याच शिष्याला मार्क द्यायला गुरूनं बसायचं नसतं, हा तर उघड हितसंबंधाचा प्रश्न. दफादारसाहेबांनी घंटेचा नियम अर्धाच सांगितला. पंचांनी चूक नोंदवली नसेल तर फायदा स्वाराला, हेही तिथंच लिहिलंय. म्हणजे शीटवर ती चूक त्या वेळी नोंदवलेली आहे का, हाच सगळा प्रश्न. म्हणून शीट पाहिजे.

मात्र ताई, ही स्पर्धा फेडरेशनच्या नियमाखाली होती का क्लबची घरगुती? पत्रकावर काय छापलंय ते आधी बघा. घरगुती असेल तर मी वर लिहिलेलं सगळं फ्रेम करून भिंतीवर लावा.

जत_पूर्वभाग
घोड्यांच्या अंघोळीला पाणी आहे म्हणायचं सांगलीत. आमच्याकडं माणसाला टँकर. चालू द्या.

दफादार_रिटायर्ड
वकीलसाहेब, नियम मला शिकवू नका. उन्हात सकाळपासून खुर्चीत बसून एकामागं एक तीच टेस्ट बघा, मग बोला. दुपारनंतर डोळे जड होतात, पहिल्या घोड्याला दिलेला सहा आणि शेवटच्याला दिलेला सहा सारखा राहत नाही, माणूस आहे. याला लबाडी म्हणायची का? ज्याला त्याला पंच चोर वाटतो. 2025 ला नगरला महाराष्ट्र केसरीत काय झालं, पैलवानानं पंचाला लाथ घातली आणि तीन वर्षांची बंदी घेऊन बसला. हेच शिकवायचंय का पोरांना?

सांगलीकरीण
मी शीट मागितली, लाथ नाही मारली. एवढा फरक तरी करा.

लगाम_ढिला
मी एनसीसीत पुण्याच्या आर अँड व्ही (रिमाउंट अँड व्हेटरनरी, घोड्यांच्या) युनिटात होते, मूळची मिरजेची. ताई तुमच्या बाजूनं आहे पण एक सांगते. मला एकदा असंच झालं होतं, आमच्या युनिटच्या मुलीला सात आणि मला त्याच हालचालीला चार, का ते आजपर्यंत कळलं नाही. आठवडाभर रडले, आई म्हणाली सोड, सर म्हणाले विसर. दोन्ही जमलं नाही. मग जंपिंगकडं गेले. अडथळ्यावरचा पोल पडला की चार फॉल्ट, नाही पडला की नाही. पोल तुमचा मामा कोण हे विचारत नाही. तुमच्या मुलीला पण सुचवून बघा.

वाईचा_वकील
घोडा अडला का उडीआधी नुसता क्षणभर थबकला, हे जंपिंगमध्ये पंचच ठरवतो की. पोल आधाराच्या कपमध्ये नुसता हलला तर फॉल्ट नाही, पडला तर आहे, इतपतच तुमचं सुख.

लगाम_ढिला
तेवढं सुख पण खूप होतं हो त्या वयात.

दफादार_रिटायर्ड
टेंट पेगिंगला या, पळत्या घोड्यावरनं भाल्यानं जमिनीतली मेख उचलायची. मेख भाल्यावर घेऊन पंधरा मीटर नेली, सहा गुण. उपटून आधीच पडली, चार. नुसता घाव बसला, दोन. मेख तुमच्या डोळ्यासमोर भाल्याला लटकलेली असते, भांडण नाही. 1982 च्या दिल्ली एशियाडला आपलं सुवर्ण होतं त्यात. आता कुणी विचारत नाही, सगळ्यांना ड्रेसाज पाहिजे, पांढरी पँट पाहिजे.

खटावचा_खोंड
पांढरी पँट 😂 दफादार काका एक नंबर. खरं सांगू का, ज्यास्नी घोडा परवडतोय त्यांनी रडू नये. आमच्या बैलांच्या शर्यती 2014 ला कोर्टानं बंद केल्या, डिसेंबर 2021 पर्यंत बैल दावणीला. पळणारा खोंड डोळ्यासमोर म्हातारा झाला आमच्या गोठ्यात. तवा कुठल्या पंचाकडं शीट मागायची होती आम्ही? अन्याय म्हणजे काय ते आम्हाला इचारा. 2023 ला घटनापीठानं शर्यती बरोबर ठरवल्या, पण गेलेली वर्षं कोण देणार?

सांगलीकरीण
घोडा परवडतोय कुणाला? घोडी क्लबची आहे, तासाचे पैसे भरतो. नवरा एसटीत कंडक्टर, मी शिलाई करते, पोरीचे ब्रीचेस मी घरी शिवलेत. पांढरी पँट म्हणून हसणाऱ्यानं कधी गुडघ्याला आतनं पॅच लावून बघावा, मशीनची सुई मोडते. तुमच्या बैलाचं वाईट वाटतं, मनापासून, पण म्हणून माझ्या पोरीनं गप्प बसायचं हे कुठलं गणित?

खटावचा_खोंड
बरं. पँटचं बोललेलं मागं घेतो. समालोचकाचं न्हाई घेणार.

कराडी_कट्टा
आणि कॅमेऱ्याचं?

खटावचा_खोंड
ते तर मुळीच न्हाई. कॅमेरा तिरका लावला तर लावणारा गाढव, कॅमेऱ्याचा काय दोष? रेषेच्या दोन्ही टोकाला खुंट्या मारायच्या, दोन्ही खुंट्या कॅमेऱ्यात एकावर एक आल्या पाहिजेत, मगच पहिला गट सोडायचा. आमच्याकडं असंच करत्यात.

वाईचा_वकील
हा माणूस दोन ओळीत जे बोलला ते घोडेवाल्यांच्या मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही. स्पर्धा सुरू व्हायच्या आधी पंच कुठं बसणार, कोण बसणार, त्याचा कुणाशी काय संबंध, हे सगळ्यांसमोर तपासायचं. नंतर भांडून काय मिळतं? 1956 ची ऑलिम्पिक घोडेस्वारी ऑस्ट्रेलियाच्या क्वारंटाईनमुळं स्टॉकहोमला झाली, तिथं जर्मन आणि स्वीडिश पंचांनी आपापले स्वार वर चढवले. दोघांना निलंबित केलं, पण रोमला 1960 मध्ये टीम ड्रेसाजच ठेवलं नाही. पंचांच्या पापाची शिक्षा स्वारांना.

दफादार_रिटायर्ड
पंचांच्या पापाची म्हणे. दोन पंचांवरनं सगळ्यांना धोपटा.

सांगलीकरीण
अपडेट. मुलीनं स्वतः अर्ज लिहिला, मी नाही. "सर, मला माझी शीट हवी आहे, मला कुठं सुधारायचं ते बघायचं आहे", एवढंच. आज शीटचा फोटो आला. (पुण्याहून लवकर परतली म्हणायची.) थांबण्याला सात. डावीकडच्या वर्तुळाला पाच, शेरा "आकार". आणि खाली एरर म्हणून गुण कापलेत, पण कुठल्या हालचालीत एरर झाली तिथं काहीच खूण नाही. सगळ्या रकान्यांत निळं पेन, हे एकच काळ्या पेनानं. काका, आता बोला.

दफादार_रिटायर्ड
व्हिडिओ टाका आधी.

सांगलीकरीण
टाकला. आवाज बंद करून बघा.

दफादार_रिटायर्ड
बघितला. वर्तुळाला पाच बरोबर आहे, ते वर्तुळ नाही, अंडं आहे. एच कडच्या बाजूला घोडी खांद्यावर पडली आणि पोरीनं फक्त आतला लगाम ओढला, बाहेरचा सोडूनच दिला. मी साडेचार दिले असते. वाट मात्र कुठं चुकलेली दिसत नाही. ती एरर मी धरली नसती. काळ्या पेनाबद्दल मी काही बोलणार नाही, पेन संपतं कधीकधी.

लगाम_ढिला
काका, पेन संपतं बरोबर त्याच ओळीला 🙏

सांगलीकरीण
साडेचार चालतील मला, कारण सांगून दिलेत. मुलीला बाहेरच्या लगामाचं वाचून दाखवलं, ती म्हणते सर हे कधी बोललेच नाहीत. क्लबला विचारलं की पुढच्या वेळी बाहेरचा पंच आणणार का, तर उत्तर आलं की आणू, पण मानधन पालकांनी वर्गणी काढून द्यावं. म्हणजे गुण कापणार ते, वर्गणी भरणार आम्ही.

दफादार_रिटायर्ड
वर्गणी नको. मला बोलावलं तर येतो. पण त्या समालोचकाचा स्पीकर बंद असेल तरच.

खटावचा_खोंड
काका तुम्ही सुद्धा?

कराडी_कट्टा
खोंडा, खुंट्या एकावर एक आलेला एक तरी फोटो टाक ना तुमच्या मैदानाचा. दुपारपासून थांबलोय.