मदत हवी आहे: नर्सिंगमधून हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनकडे जायचंय, कोणतं शिक्षण घेऊ?

नमस्कार मंडळी,

मी मिरजेत एका खासगी हॉस्पिटलमध्ये आयसीयूची इन्चार्ज सिस्टर आहे. वय ३७. जीएनएम (नर्सिंगची पदविका) करून नोकरीला लागले, मध्ये दोन वर्षं पगार सोडून पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग केलं. एकूण अनुभव १३ वर्षांचा.

गेली चार वर्षं माझं निम्मं काम पेशंटजवळ नसतंच. २४ जणींचा ड्युटी रोस्टर मी लावते. ऐन गणपतीत सहा जणी सुट्टी मागतात, त्यात दोघींची मुलं लहान, एकीचं घर कोकणात. कुणाला नाही म्हणायचं आणि तिची भरपाई पुढच्या महिन्यात कशी करायची, हे रात्री घरी आल्यावरही डोक्यात चालू असतं. इंडेंट (स्टोअरकडे सामानाची मागणी), बंद पडलेल्या सिरिंज पंपाचा पाठपुरावा, नातेवाइकांच्या तक्रारी हे वेगळंच. गेल्या वर्षी हॉस्पिटलने एनएबीएच या हॉस्पिटलांची गुणवत्ता तपासणाऱ्या संस्थेच्या मान्यतेची तयारी केली तेव्हा आमच्या विभागाची सगळी आकडेवारी मी ठेवली: किती पेशंट पडले, किती जणांना बेडसोर झाले, औषध देताना कुठे चूक झाली. मला ते काम फार आवडलं.

एक गोष्ट मात्र बघवत नाही. वॉर्डातल्या पेशंटला डॉक्टरांनी सकाळी दहाला डिस्चार्ज लिहिलेला असतो. औषधं परत जायची, बिल व्हायचं, टीपीएची (विम्याचे दावे बघणाऱ्या मध्यस्थ कंपनीची) मंजुरी यायची, यात संध्याकाळ होते. तो बेड रिकामा होत नाही म्हणून आमचा बरा झालेला पेशंट आयसीयूतच राहतो, आणि खाली कॅज्युअल्टीत एखादे आजोबा स्ट्रेचरवर वाट बघत पडलेले असतात. गाठ कुठे बसली आहे ते मला दिसतं. पण सिस्टर म्हणून ती सोडवायचा अधिकार मला नाही. तो मिळावा म्हणून ही धडपड.

दोन वर्षांपूर्वी घाईत एक चूक केली. एका खासगी संस्थेचा ‘एक वर्षाचा एक्झिक्युटिव्ह एमबीए’ ३८ हजार भरून ऑनलाइन केला. फोनवर त्यांनी ‘सगळीकडे चालतो’ असं सांगितलं होतं. नंतर दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये असिस्टंट मॅनेजरच्या जागेसाठी गेले, तर एचआर मॅडमनी सर्टिफिकेट बघून शांतपणे सांगितलं की ही पदवी नाही. ते पैसे मुलीच्या शिक्षणासाठी ठेवलेल्या ठेवीतले होते. तिला अजून सांगितलेलं नाही.

म्हणून यावेळी आधी विचारते. नोकरी सोडणं शक्य नाही. मिस्टरांचं छोटं दुकान आहे, मुलगी आठवीत, सासूबाईंना डायलिसिस चालू आहे. महिन्यात आठ नाईट असतात. इग्नू या मुक्त विद्यापीठाचा एमबीए करावा, सीईटी देऊन रेग्युलरला जावं, की पदवीच्या मागे न लागता क्वालिटीचे छोटे कोर्स करावेत? ३७ व्या वर्षी सुरुवात केलेल्या कुणाला खरोखर जागा मिळाली आहे का? आणि बॅलन्स शीट म्हटलं की मला धडकी भरते, त्याचं काय करू?

प्रतिसाद १

ताई, मी मूळची फिजिओथेरपिस्ट, आता पुण्यात एका हॉस्पिटलची क्वालिटी मॅनेजर. बदल केला तेव्हा ३९ वर्षांची होते.

तुमच्यासाठी सगळ्यात जवळचं दार क्वालिटीचं आहे. एनएबीएचच्या मानकांचे १० अध्याय आहेत. पहिले ५ पेशंटच्या देखभालीचे, ते तुम्ही रोज जगताय. पुढच्या ५ मध्ये सुरक्षा आणि गुणवत्ता, व्यवस्थापनाची जबाबदारी, इमारत आणि यंत्रसामग्री, मनुष्यबळ, माहिती व्यवस्था येतात. हे दुसरे पाच नीट वाचा. बाहेरून येणाऱ्या एमबीएवाल्याला पहिले पाच शिकायला वर्षं लागतात, तुमचं अर्धं काम आधीच झालेलं आहे. मानकांच्या अंमलबजावणीचं प्रशिक्षण एनएबीएच स्वतः घेतं. त्यासाठी हॉस्पिटल पाठवतं का ते आधी विचारा, स्वतःचे पैसे नंतर.

आणि तो डिस्चार्जचा विषय सोडू नका! एक महिना रोज वेळा लिहा: डॉक्टरांनी लिहिलं कधी, फार्मसीचं क्लिअरन्स कधी, फायनल बिल कधी, मंजुरी कधी, बेड रिकामा कधी. कॅशलेसच्या अंतिम मंजुरीसाठी विमा नियामकाने २०२४ मध्ये ३ तासांची मर्यादा घातली आहे. त्याआधी आणि त्यानंतर जो वेळ जातो तो आपल्या हॉस्पिटलचाच. एक्सेलमध्ये पिव्होट टेबल शिका, आठवड्याचं काम आहे. माझ्या मुलाखतीत पदवीवर दोन मिनिटं बोलणं झालं आणि अशाच एका कागदावर अर्धा तास.

प्रतिसाद २

मी हॉस्पिटल एचआरमध्ये आहे, कोल्हापूर. वरच्या ताईंचं पटतं, पण पदवी सोडून द्या असं मी म्हणणार नाही. डेप्युटी मॅनेजरच्या वरच्या जागांना आम्ही अर्ज चाळतो तेव्हा पहिली चाळणी पदवीचीच असते. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिरातींतही पदवीचं नाव शब्दशः तपासतात.

तुमचं बी.एस्सी. झालेलं आहे हे फार महत्त्वाचं. नुसत्या जीएनएमवर एमबीएला प्रवेश मिळत नाही, ती पदविका आहे. पदवीला खुल्या वर्गासाठी ५० टक्के आणि राखीव वर्गासाठी ४५ टक्के लागतात, गुणपत्रिका काढून बघा.

इग्नूचा एमबीए तुमच्या परिस्थितीला योग्य वाटतो. दोन वर्षांचा आहे, पण चार वर्षांपर्यंत पुरवून करता येतो. प्रवेश जानेवारी आणि जुलै, परीक्षा जून आणि डिसेंबर. असाइनमेंट वेळेत द्याव्या लागतात, तिथेच बहुतेक जण अडकतात. रोस्टर तुमच्याच हातात आहे, परीक्षेच्या आठवड्यातल्या नाईट आधीच बदलून घ्या. दूरस्थ पदवी रेग्युलरच्या बरोबरीची धरावी, हे यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) २०२२ मध्ये जाहीरपणे स्पष्ट केलं आहे, त्यामुळे तिला कुणी कमी लेखलं तर तो कागद दाखवा.

तुमची जी फसवणूक झाली तशा केसेस आमच्याकडे दर महिन्याला येतात. ‘१० दिवसांत एमबीए’ असल्या कोर्सबद्दल यूजीसीला २०२४ मध्ये जाहीर इशारा द्यावा लागला. यापुढे कुठेही पैसे भरण्याआधी यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या यादीत विद्यापीठ आणि तो विशिष्ट कोर्स, दोन्ही आहेत का ते बघा. दूरस्थ प्रवेशासाठी आता डेब आयडी (याच विभागाचा नोंदणी क्रमांक) लागतो, आणि तो काढायला एबीसी आयडी, म्हणजे विद्यार्थ्याच्या शैक्षणिक क्रेडिटच्या खात्याचा क्रमांक. कुणी म्हणालं ‘आमच्याकडे त्याची गरज नाही’, तर तिथून उठा.

बॅलन्स शीटचं म्हणाल तर सरकारच्या स्वयम् या ऑनलाइन शिक्षणाच्या पोर्टलवर आयआयएम बंगलोरचे कोर्स असतात. शिकायला फुकट, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच फी. एमबीएच्या आधी हिशोबाचा एक कोर्स करून बघा, भीती तिथेच जाईल.

प्रतिसाद ३

रेग्युलरबद्दल विचारलंय म्हणून लिहितो. सीईटीत २०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीला गुण कापत नाहीत. वयाची अट नाही. पण प्रवेश मिळाला तर दोन वर्षं पगार बंद. मुंबईत देवनारच्या टिसमधला (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतला) हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचा दोन वर्षांचा कोर्स फार नावाजलेला आहे, मी त्याच वाटेने आलो, पण तेव्हा मी २६ वर्षांचा होतो आणि घरची जबाबदारी नव्हती. सासूबाईंचं डायलिसिस चालू असताना मी तुम्हाला हा सल्ला देणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

तिघांचेही मनापासून आभार. काल नाईटला तीन वाजता हे सगळं वाचलं, डोळे भरून आले.

गुणपत्रिका काढली, ६१ टक्के आहेत. आज सकाळी हँडओव्हर झाल्यावर दोन डिस्चार्जच्या वेळा वहीत लिहून सुरुवात केली. पहिल्यात फार्मसीतच एक तास चाळीस मिनिटं गेली. स्वयम्‌वर नाव नोंदवते, आणि इग्नूचा अर्ज जुलैला भरायचा असं मिस्टरांशी बोलून ठरवलं.

आता एकच अडचण. हॉस्पिटलने क्वालिटीच्या प्रशिक्षणाला पाठवावं म्हणून मोठ्या सरांशी बोलायचं आहे. आमच्या मेट्रन मॅडमना वगळून गेले तर त्यांना वाईट वाटेल, आणि त्यांच्यामार्फत गेले तर ‘आयसीयूला इन्चार्ज कोण?’ यावरच विषय थांबेल. माझ्या हाताखाली एक ज्युनियर खूप तयारीची आहे. आधी तिला इन्चार्जचं काम शिकवून मग बोलू, की वेळांचा महिनाभराचा कागद घेऊन आधी मेट्रन मॅडमकडे जाऊ? तुम्ही कसं केलं होतं?