ट्रॅपिस्ट-१ : सात ग्रह मोजले कसे?

वैजू_कुडाळ
लेकीने आठवीच्या प्रकल्पाला ट्रॅपिस्ट-१ हा सात ग्रहांचा तारा घेतलाय. ग्रह दिसत नाहीत, ताऱ्याचा उजेड कमी झालेला तेवढा कळतो म्हणे. मग उजेड अडवणारा एकच आहे की सात, हे ठरवलं कसं? आमची गाडी इथेच अडलीय.

रूपविकारी
ताई, वेळापत्रकावरून. ग्रह ताऱ्यासमोरून गेला की प्रकाशआलेखात, म्हणजे ताऱ्याचा उजेड वेळेनुसार दाखवणाऱ्या आलेखात, खळगा पडतो. दर १.५१ दिवसांनी तेवढाच खोल खळगा पडला की तो 'बी' नावाचा ग्रह. दर २.४२ दिवसांनी पडतो तो 'सी'. हे दोघे २०१६ मध्ये मुकाट हाती लागले.

घोळ घातला तिसऱ्याने. लिएज विद्यापीठाच्या मिकाएल गिलॉन यांच्या गटाने चिलीतल्या ला सिला वेधशाळेतल्या ६० सेंटिमीटर दुर्बिणीतून टिपलेले काही खळगे हिशेबात बसेनात. तिसरा ग्रह जाहीर केला, पण त्याचा परिभ्रमणकाल (ताऱ्याभोवतीच्या एका फेरीचा वेळ) ४.५ ते ७३ दिवसांत कुठेही असू शकेल असं लिहून! मला तर हा प्रामाणिकपणा भारी आवडला. मीही रूपविकारी, म्हणजे उजेड कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांचे आलेख काढतो. ऐन मोक्याला उजाडलं की काय चिडचिड होते ते ठाऊक आहे. जमिनीवरून दिवसाचे खळगे हुकणारच.

म्हणून स्पिट्झर ही अवकाश दुर्बीण जवळजवळ २० दिवस सलग त्या ताऱ्यावर रोखली. तेव्हा उलगडा झाला: तो 'तिसरा' म्हणजे निरनिराळ्या ग्रहांच्या खळग्यांची सरमिसळ होती. फेब्रुवारी २०१७ मध्ये सात जाहीर झाले.

देवयानीकर
थोडी भर. खळगे न बघताही जमतं. ग्रहाच्या ओढीने तारा किंचित डुलतो आणि त्याच्या वर्णपटातल्या (रंगांत फोडलेल्या प्रकाशातल्या) रेषा सरकतात. देवयानी तारकासमूहातल्या अप्सायलन ताऱ्याचे तीन ग्रह १९९९ मध्ये त्यावरूनच सापडले. ४.६ दिवसांच्या ग्रहाचा वाटा वजा केला, तरी तारा डुलतच होता.

वैजू_कुडाळ
आता समजलं! पण सातवा २० दिवसांत कितीदा दिसला असेल?

रूपविकारी
एकदाच! म्हणजे परिभ्रमणकाल काढायची सोयच नाही. पण बाकीच्यांचे काळ एकमेकांशी बांधलेले आहेत. 'बी'च्या आठ फेऱ्या होतात तेवढ्यात 'सी'च्या जवळपास पाच. लेकीला गुणाकार करून बघायला सांगा. ती साखळी पुढे नेऊन सातव्यासाठी मोजके आकडे निघाले, आणि केप्लर दुर्बिणीच्या नोंदींत त्यातला १८.७७ दिवसांचा बरोबर ठरला. प्रकल्पात खळग्यांचा आलेख जरूर काढा, रंगीत चित्रं कमी चिकटवली तरी चालतील.