मदत हवी आहे: बाळ घरी ऑक्सिजनवर आहे, उपकारस्तुतीची प्रार्थना कशी ठेवावी?

नमस्कार. आमचं बाळ 29व्या आठवड्यात जन्मलं, 1100 ग्रॅमचं. 68 दिवस एनआयसीयूत (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात) काढून परवा घरी आलं. प्रभूचे उपकार किती मानावेत! रात्री नाकातली नळी सरकली नाही ना, हे बघायला उठते, तर त्याची इवलीशी मूठ माझ्या बोटाभोवती घट्ट.

रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीतले सगळे उपकारस्तुतीसाठी घरी यायचं म्हणताहेत. दोन महिने त्यांनीच उपास-प्रार्थना केली, डबे पोचवले. नको कसं म्हणू? पण डॉक्टरांनी गर्दी नको, ऑक्सिजनजवळ मेणबत्तीही नको, असं बजावलंय. अशा बाळाच्या घरी तुम्ही प्रार्थना कशी ठेवलीत? पाळकसाहेब एकटेच आत आणि बाकीचे अंगणात, असं चालेल का?

आणि लाइट गेली तर कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणारं मशीन) घरच्या इन्व्हर्टरवर किती वेळ टिकतो? की छोटा सिलेंडर भरून ठेवू?