शब्दचर्चा : जप्ती, टाच आणि शेरीफची जबाबदारी

प्रश्न : कर्जदाराकडचा माल शेरीफने (कोर्टाचे हुकूम बजावणाऱ्या इंग्लिश अधिकाऱ्याने) ताब्यात घेऊन विकला, माल निघाला तिसऱ्याचाच, आणि त्या तिसऱ्याने थेट शेरीफवर दावा लावला. जुन्या इंग्लिश खटल्यांत हे सारखं येतं. मराठीत 'शेरीफ'ला 'बेलिफ' (आपल्या कोर्टाचा वॉरंट बजावणारा कर्मचारी) म्हटलं तर चालेल का? आणि माल 'जप्त केला' की मालावर 'टाच आणली'?

उत्तर १ : इथे 'जप्त केला'. टाच हक्कावर येते, जप्ती वस्तूची होते. पगारावर, बँकेच्या खात्यावर, जमिनीवर टाच येते. जमीन कुठे जात नाही, फक्त ती विकायची किंवा गहाण टाकायची वाट बंद होते. जप्तीत कपाट टेंपोत चढतं. घोटाळा होतो तो जंगम मालामुळे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 43 प्रमाणे कर्जदाराच्या ताब्यातल्या अशा मालावरची टाच प्रत्यक्ष ताबा घेऊनच लागते, म्हणून तिथे दोन्ही शब्द एकाच कृतीला चिकटतात. 'सरकारजमा' मात्र तिसरीच गोष्ट. वर्तमानपत्रं तिलाही 'जप्त' म्हणतात ते चूक.

उत्तर २ : 'बेलिफ' नको. फरक नुसता हुद्द्याचा नाही. इंग्लंडात माल कोणाचा हे शेरीफने स्वतः ठरवून उचलायचा, चुकलं तर भरपाई त्याच्या खिशातून. म्हणून तर 1831 च्या कायद्याने त्याला सोय दिली की वाद उभा राहिला तर दोन्ही दावेदारांना कोर्टापुढे आणून स्वतः मोकळं व्हावं. आपल्याकडे माल दाखवतो दरखास्तदार, म्हणजे निकालाची अंमलबजावणी मागणारा धनको; बेलिफ वॉरंट बजावतो. कलकत्त्याच्या एका ज्यूटच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने (लंडनचं तेव्हाचं शेवटचं अपील कोर्ट) 1889 मध्ये नेमका हाच भेद सांगून त्रयस्थाचा माल अडकवणाऱ्या धनकोला जबाबदार धरलं. कायदेशीर वॉरंट बजावल्याबद्दल बेलिफवर दिवाणी दावा चालत नाही, त्याला 1850 च्या कायद्याचं संरक्षण आहे. वॉरंटाबाहेर हात घातला तर ती ढाल गळते.

'नगरपाल' हा शेरीफचा रूढ मराठी पर्यायही टाळा. मुंबईचे नगरपाल हे आज मानाचं पद. त्यांचं कार्यालय उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेच्या (जिथे दावे थेट दाखल होतात) हुकूमनाम्यांनुसार जप्ती-विक्री करतं हे खरं, पण वाचकाला नगरपाल म्हटलं की समारंभच आठवतो.

प्रश्नकर्ती : मग मूळ मालकाने आपल्याकडे करायचं काय? 'आक्षेप' नोंदवायचा?

उत्तर ३ : कोर्टात 'हरकत अर्ज' म्हणतात, करणारा 'हरकतदार'. त्याच आदेश 21 च्या नियम 58 खाली, आणि लिलावाच्या आधी. माल विकला गेल्यावर आलेला अर्ज घेतलाच जात नाही. मुद्दाम उशीर केला असं कोर्टाला वाटलं तरी नाही. जंगम मालाचा लिलाव जाहीरनामा लागल्यापासून निदान 7 दिवसांनी होतो, म्हणजे खात्रीचा असा तेवढाच आठवडा. नाशवंत माल, किंवा ज्याचा सांभाळखर्च किमतीपेक्षा जास्त होईल असा माल, लगेच विकता येतो.

अर्ज फेटाळला जातो तो बहुधा पंचनाम्यामुळे. 'एक फ्रिज, जुना' एवढंच लिहिलेलं असतं. तुमच्या बिलावर मॉडेल आणि अनुक्रमांक आहे, पण जुळवायचा कशाशी? हरकतदार जागेवर असेल तर त्याने तिथेच अनुक्रमांक लिहून घ्यायला लावावा. सहज हलवता न येण्याजोगी वस्तू 'सुपुर्तनाम्या'वर (सांभाळण्याच्या लेखी हमीवर) तिथेच ठेवता येते, अगदी तीवर हक्क सांगणाऱ्याच्याच ताब्यातसुद्धा.

आणि लिलाव जाहीर करण्यात किंवा चालवण्यात गफलत झाली तरी जंगम मालाची विक्री रद्द होत नाही (नियम 78). नुकसान झालेल्याने ज्याच्यामुळे झालं त्याच्यावर भरपाईचा दावा लावायचा. तो खरेदीदारच असेल तर वस्तूही मागता येते.

उत्तर ४ : एक राहिलं. अशा भाषांतरांत 'शेरीफने मालाचा अपहार केला' असं सर्रास दिसतं. अपहाराला बदनियत लागते, तो फौजदारी शब्द आहे. इथे शेरीफ अगदी प्रामाणिक असला तरी जबाबदार ठरतो. 'परक्या मालाची बेकायदा विल्हेवाट' म्हणा, लांब आहे पण खरं आहे.

प्रश्नकर्ती : म्हणजे वाक्य असं: 'शेरीफने त्रयस्थाचा माल कर्जदाराचा समजून जप्त केला व विकला, या बेकायदा विल्हेवाटीबद्दल तो मालकाला भरपाई देण्यास जबाबदार आहे.'

उत्तर २ : 'समजून'च्या आधी 'सद्भावनेने' घाला. अशा खटल्यांचा सगळा मुद्दा त्या शब्दात आहे.