वांगासाठी लेझर उपचार घ्यावेत का? नागपुरातील जाणकारांचा सल्ला हवा आहे

त्रिमूर्तीनगरवासी

नमस्कार. माझे वय ३८ आहे. धाकट्या मुलाच्या वेळी गरोदरपणात दोन्ही गालांवर आणि वरच्या ओठावर तपकिरी डाग उठले. बाळंतपणानंतर ते थोडे फिके झाले, पण गेले नाहीत, आणि दर उन्हाळ्यात पुन्हा गडद होतात. मी शिक्षिका आहे आणि शाळेत दुचाकीने जाते. तोंडाला स्कार्फ बांधते, तरीही त्यामुळे फारसा फरक पडलेला नाही.

अलीकडे शहरातील एका सौंदर्य केंद्रात चौकशी केली असता, तेथील समुपदेशक ताईंनी चेहरा दुरूनच पाहून लेझरच्या आठ बैठकांचे पॅकेज सुचवले आणि आठवडाभरात पैसे भरल्यास सवलत मिळेल, असे सांगितले. डॉक्टरांची भेट मात्र पहिल्या बैठकीच्या दिवशीच होईल, असे कळले. दिवाळीनंतर दिराचे लग्न आहे, त्यामुळे घरच्यांचा आग्रह आहे की हे आताच करून घ्यावे. लेझरने वांग खरोखर जातो का, आपल्यासारख्या सावळ्या त्वचेला ते सोसते का, आणि नागपुरात योग्य तपासणी कुठे करून घ्यावी, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

निळावंती

ताई, मी त्वचारोग विभागात काम करते. पैसे अद्याप भरले नसतील तर कृपया थांबा. दिवाळीनंतरच्या लग्नासाठी चेहरा उजळावा ही इच्छा रास्त आहे, पण घाईने केलेल्या लेझरमुळे लग्नाच्या वेळी डाग आजच्यापेक्षा गडद दिसण्याची शक्यता आपल्या त्वचेत खरोखर असते.

त्याचे कारण असे. क्यू-स्विच्ड एनडी-याग लेझरचा १०६४ नॅनोमीटरचा किरण त्वचेतील मेलॅनिन या रंगद्रव्याचे कण फोडतो आणि फुटलेले कण शरीर हळूहळू बाहेर टाकते. उन्हाने पडलेले ठिपके, किंवा एका डोळ्याभोवती जन्मतः वा किशोरवयात उमटणारा निळसर करडा डाग, ज्याला ओटाचा नेव्हस म्हणतात, अशा विकारांमध्ये या उपचाराचे परिणाम चांगले येतात. वांगाचे तसे नाही. वांगात रंग तयार करणाऱ्या पेशीच अतिसक्रिय झालेल्या असतात. संप्रेरके, ऊन, उष्णता आणि अनुवंशिकता त्यांना सतत चेतवत असतात. विहिरीतले पाणी उपसले तरी झरा चालू असेल तर ती पुन्हा भरते, तसेच येथे होते. लेझर थांबवल्यावर काही महिन्यांत डाग परत येणे हे वांगात नेहमी पाहायला मिळते.

दुसरा धोका सावळ्या त्वचेचा आहे. आपल्यापैकी बहुतेकांची त्वचा फिट्झपॅट्रिक मापनानुसार (यात रंग व ऊन सोसण्याची क्षमता यांवरून त्वचेचे सहा प्रकार करतात) चौथ्या किंवा पाचव्या प्रकारात मोडते. अशा त्वचेला जास्त ऊर्जेचा किरण दिला तर तिला दाह होतो आणि त्या दाहातूनच नवा काळेपणा उमटतो. हा धोका टाळण्यासाठी कमी ऊर्जेचे ‘लेझर टोनिंग’ करतात. परंतु ते फार वारंवार केल्यास त्वचेवर पांढरे, ठिपकेदार डाग पडू शकतात आणि ते जाता जात नाहीत. किती ऊर्जा द्यायची, दोन बैठकांमध्ये किती अंतर ठेवायचे आणि कुठे थांबायचे, हा निर्णय डॉक्टरांनीच घ्यायचा असतो. पॅकेज विकणाऱ्यांचा तो अधिकार नव्हे.

म्हणून क्रम असा असावा, असे मला वाटते. प्रथम निदान करून घ्या, कारण गालावरचा प्रत्येक काळा डाग वांग नसतो. केसांच्या रंगाच्या किंवा सौंदर्यप्रसाधनांच्या ॲलर्जीने आलेला काळेपणा आणि लायकेन प्लॅनस पिगमेंटोसस नावाचा विकार वांगासारखाच दिसू शकतो, पण त्यांचे उपचार वेगळे असतात. डॉक्टर वूड्स दिव्याखाली (हा अतिनील प्रकाशाचा दिवा असतो) किंवा डर्मोस्कोप या त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या भिंगाने पाहून रंग वरच्या थरात आहे की खोलवर, याचा अंदाज घेतात. वरच्या थरातील वांग मलमांना बऱ्यापैकी दाद देतो. खोलवरचा मात्र हट्टी असतो.

त्यानंतर उन्हापासून संरक्षण आणि मलमे यांवर काही महिने नेटाने भर द्यावा लागतो. एवढे करूनही डाग उरला तरच लेझरचा विचार व्हावा, आणि तोही मलमे व सनस्क्रीन चालू ठेवूनच.

धरमपेठ_सदर

माझ्या पत्नीने रामदासपेठेतील एका त्वचारोगतज्ज्ञांकडे लेझर करून घेतले. डॉक्टरांनी आधी बरेच दिवस मलम लावायला सांगितले, मग कानामागे छोट्या जागेवर चाचणी घेतली आणि त्यानंतरच चेहऱ्याला हात लावला. डाग निम्म्याहून फिके झाले, पण पूर्ण गेले नाहीत, आणि तसे होणार नाही हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगितले होते. एप्रिल-मे महिन्यांत त्यांनी बैठका ठेवल्याच नाहीत, ही गोष्ट आम्हाला विशेष विश्वासाची वाटली.

औषधवाले_गांधीबाग

मी औषधविक्रीच्या व्यवसायात आहे आणि एक गोष्ट कळकळीने सांगू इच्छितो. वांगासाठी लोक शेजाऱ्याने सुचवलेली मलमे चिठ्ठीशिवाय मागतात, आणि त्यांतील कित्येकांमध्ये हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइन या डाग फिके करणाऱ्या औषधांसोबत मोमेटासोनसारखे तीव्र स्टेरॉइड असते. पहिल्या पंधरवड्यात चेहरा उजळतो, म्हणून तेच मलम महिनोन्महिने लावले जाते. मग त्वचा पातळ होते, लालसर रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुरळ येते, हनुवटीवर लव वाढते, आणि मलम सोडले की चेहरा भाजल्यासारखा जळतो. केंद्र सरकारने २०१८ मध्ये अशी अनेक स्टेरॉइड मलमे अनुसूची ‘एच’मध्ये आणली, म्हणजेच ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही मागणी थांबलेली नाही. ताई, आपण असे एखादे मलम वापरत असाल तर त्याची नळी सोबत घेऊनच डॉक्टरांकडे जा. अशा त्वचेवर लेझर करणे अधिक जोखमीचे असते.

त्रिमूर्तीनगरवासी

सर्वांचे मनापासून आभार. स्टेरॉइडचे मलम मी वापरलेले नाही. निळावंतीताई, स्कार्फ बांधूनही डाग गडद का होतात, आणि सनस्क्रीन नेमके कोणत्या प्रकारचे घ्यावे? एका मैत्रिणीने ट्रॅनेक्सामिक ॲसिडच्या गोळ्यांविषयीही सांगितले. त्या सुरक्षित आहेत का?

निळावंती

स्कार्फचे सुती कापड पातळ असेल तर त्यातून बराच प्रकाश आत येतो, आणि वांगाला केवळ अतिनील किरणच नव्हे, तर डोळ्यांना दिसणारा प्रकाशही चेतवतो. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. ती उष्णता कापडाने अडत नाही. खिडकीच्या साध्या काचेतूनही अतिनील-ए किरण येतात, म्हणून वर्गात खिडकीजवळ बसतानाही संरक्षण लागते.

सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा ५० चे, अतिनील-ए किरणांपासूनही संरक्षण देणारे आणि आयर्न ऑक्साइड असलेले, म्हणजे त्वचेच्या रंगाची छटा असलेले घ्यावे. दृश्य प्रकाश अडवण्याचे काम ही छटाच करते. चेहरा व मान यांना मिळून दोन बोटांच्या लांबीएवढे लावावे आणि बाहेर असताना दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावे. शिक्षकांना मधल्या सुटीत ते जमण्यासारखे आहे. बहुतेक जण याच्या निम्मेही लावत नाहीत आणि मग सनस्क्रीनचा उपयोग होत नाही, असा समज करून घेतात.

ट्रॅनेक्सामिक ॲसिडच्या गोळ्या वांगात उपयोगी पडतात. डॉक्टर त्या सहसा २५० मिलिग्रॅमच्या प्रमाणात दिवसातून दोनदा, काही महिन्यांपुरत्या देतात. मात्र हे औषध रक्तस्राव थांबवण्यासाठीचे आहे. ज्यांना स्वतःला किंवा घरात कोणाला रक्ताच्या गुठळ्या झाल्या असतील, पक्षाघाताचा इतिहास असेल, किंवा ज्या गर्भनिरोधक गोळ्या घेत असतील, त्यांनी ते डॉक्टरांना आधी सांगायलाच हवे. गर्भनिरोधक गोळ्यांनी वांगही वाढतो, म्हणून ती माहिती दोन्ही कारणांनी महत्त्वाची आहे. मैत्रिणीची गोळी स्वतःहून सुरू करू नका.

तपासणीसाठी मेडिकल (शासकीय वैद्यकीय महाविद्यालय), मेयो (इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय) आणि मिहानमधील एम्स या तिन्ही सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. गर्दी असते, पण तेथे कोणी पॅकेज विकत नाही, आणि निदानासाठी ही जागा उत्तम आहे. खासगीत जायचे असल्यास धंतोली-रामदासपेठ परिसरात अनेक त्वचारोगतज्ज्ञ आहेत. त्यांची त्वचारोगातील पदव्युत्तर पदवी आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी पाहून घ्या. यंत्र कोणते आहे, ते स्वतः डॉक्टर चालवणार की सहायक, आधी लहान जागेवर चाचणी घेणार का, डोळ्यांसाठी संरक्षक कवच देणार का, आणि डाग परतल्यास पुढे काय करणार, हे प्रश्न विचारताना संकोच बाळगू नका. उत्तरे टाळणाऱ्या किंवा ‘कायमचा इलाज’ असा शब्द देणाऱ्या ठिकाणी लेझर करून घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

लग्नापर्यंत हाती असलेला वेळ सनस्क्रीन आणि डॉक्टरांनी दिलेल्या मलमांना द्या. तपासणीला जाताना मागील औषधांच्या चिठ्ठ्या सोबत ठेवा, आणि पुन्हा गरोदरपणाचा विचार असेल तर तेही सांगा, कारण ट्रेटिनॉइन व हायड्रोक्विनोन त्या काळात टाळतात.