मदत हवी आहे: मुलगा सत्रात तोंडच उघडत नाही

रेवा_
सहा सत्रं झाली. येतो, टोपी डोळ्यांवर ओढून बसतो, वेळ संपली की उठून जातो. नैराश्याची प्रश्नावली दोनदा पुढे ठेवली, दोन्ही वेळा कोरी परत. सांस्कृतिक सुरक्षिततेचं, म्हणजे समोरच्याला त्याच्या संस्कृतीसकट सुरक्षित वाटावं याचं प्रशिक्षण मी घेतलंय, भिंतीवर मेडिसिन व्हील हे मूलनिवासींचं चार भागांचं चक्रचिन्हसुद्धा लावलंय. वरिष्ठ म्हणतात, अजून दोन सत्रं बघा, नाहीतर फाईल बंद. मला ती बंद करायची नाहीये. शुक्रवारी पुढची वेळ आहे, काय करू ते सांगा.

मंदार_क
अहो, देश कुठला? मुलाचं वय? तुम्ही डॉक्टर की समुपदेशक?

रेवा_
कॅनडा, उत्तर ऑन्टारिओ. फर्स्ट नेशन्सचा, म्हणजे इथला मूलनिवासी मुलगा, वय १६. मी शाळेत समुपदेशक. याने काय फरक पडतो?

टिटवी
रेवाताई, फार पडतो. फर्स्ट नेशन्स हा एक समाज नाही. क्री, ओजिब्वे, ओजी-क्री सगळे वेगळे, आणि मेडिसिन व्हील काही प्रत्येकाचं नाही. घरी राहतो की शिकायला शहरात आलाय? उत्तरेतल्या कित्येक गावांत हायस्कूल नाही, जायला विमानाशिवाय पक्का रस्ता नाही. पोरं तेराव्या-चौदाव्या वर्षी परक्या घरात राहायला येतात. २००० ते २०११ या काळात थंडर बे शहरात अशा ७ मुलांचा मृत्यू झाला. त्या मृत्यूंच्या चौकशीतल्या ज्यूरीने २०१६ मध्ये १४५ शिफारशी केल्या. गावाचं नाव मात्र इथे लिहू नका, मूल ओळखू येईल.

अनुराधा_स
माझा भाचा असाच घुमा होता. रोज वीस मिनिटं श्वासाकडे लक्ष द्यायला लावलं, महिन्यात फरक पडला. करून बघा.

सुहास_विनिपेग
श्वासबिस राहू दे. मी इथे युवा केंद्रात स्वयंसेवक आहे. एल्डरला, म्हणजे समाजातल्या जाणत्या वडीलधाऱ्याला बोलवा, विनंती करताना मान म्हणून तंबाखू द्या, सेज आणि स्वीटग्रास या सुगंधी वनस्पतींचा धूर घ्या, ज्याला स्मजिंग म्हणतात. गोलात बसलं की मुलं आपोआप बोलतात. मूलनिवासी मुलांच्या निवासी शाळांची चौकशी करणाऱ्या सत्य व सलोखा आयोगाच्या २०१५ च्या ९४ शिफारशींपैकी २२वी हेच सांगते.

टिटवी
सुहास, त्याच शिफारशीत ‘रुग्णाने मागितल्यास’ असंही आहे. उत्तरेकडची बरीच घरं पक्की अँग्लिकन ख्रिस्ती आहेत, काहींना स्मजिंग नको असतं. आधी मुलाला विचारा. आणि रेवाताई, स्वतः सेज पेटवायला जाऊ नका.

सुहास_विनिपेग
म्हणजे न विचारलेलं काही करायचंच नाही? सोळा वर्षांचं पोर स्वतःहून काय मागणार?

परदेशी_पाखरू
नोंदणी झालेल्या फर्स्ट नेशन्स आणि इनुइट लोकांना समुपदेशनाचा खर्च संघीय सरकारच्या विमाबाह्य आरोग्य लाभ योजनेतून मिळतो, म्हणून फीची काळजी नको. अवांतर: भारतातल्या एमएवर तिथे परवाना मिळतो का?

मोहफूल
मी मेळघाटात आश्रमशाळेत शिकवलंय. मराठीत विचारलं की कोरकू मुलं गप्प. मोडक्यातोडक्या कोरकूत विचारलं की आधी हसायची, मग बोलायची. दोन्हींची तुलना करत नाही, पण भाषेचं बघा.

मंदार_क
फी कोणी विचारली होती? रेवाताई, दोन प्रश्न. आत्महत्येचे विचार थेट विचारलेत का? आणि पहिल्या दिवशी नेमकं काय झालं?

रेवा_
विचारलं. ‘नाही’ म्हणाला, स्पष्ट. पहिल्या दिवशी आजोबांबरोबर बर्फाखाली जाळं लावतो ते सांगत होता, हातांनी दाखवत होता. मग मी संमतीचा फॉर्म वाचला: तू धोक्यात आहेस असं वाटलं तर बालसंरक्षण कार्यालयाला कळवणं मला बंधनकारक आहे. त्यानंतर गप्प. हे लिहिलं नव्हतं, कारण फॉर्म सगळ्यांनाच वाचून दाखवते.

टिटवी
ताई, गाठ इथेच आहे. मूलनिवासी मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांत दीड लाखाहून जास्त मुलं नेली गेली, शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. साठच्या दशकापासून बालकल्याण खात्यानेही मुलं उचलून परक्या घरी दिली. हे आजोबांच्या पिढीने भोगलंय. त्या घरात ‘कार्यालयाला कळवेन’ याचा अर्थ ‘मूल नेतील’ असाच होतो. शिवाय ऑन्टारिओत कळवण्याची सक्ती १६ वर्षांखालच्या मुलांसाठी आहे. १६-१७ च्या मुलांबाबत कळवता येतं, पण बंधन नाही. तुम्ही त्याला चुकीचं सांगितलंत.
सांस्कृतिक सुरक्षिततेची संकल्पना मांडणाऱ्या न्यूझीलंडच्या माओरी परिचारिका इरिहापेटी राम्सडेन यांचा मूळ मुद्दा हाच: सेवा सुरक्षित आहे की नाही हे घेणारा ठरवतो, देणारा नाही.

मंदार_क
चूक झाली असं त्याला सरळ सांगा. काय कळवावं लागतं, काय नाही ते समजावा, आणि कळवायची वेळ आली तर आधी त्यालाच सांगाल, असा शब्द द्या. ‘नाही’ म्हणाला म्हणून तो प्रश्न कायमचा सोडू नका. होप फॉर वेलनेस या मूलनिवासींसाठीच्या मदतवाहिनीचा नंबर १-८५५-२४२-३३१० लिहून द्या, चोवीस तास चालतो.

रेवा_
शुक्रवार झाला. प्रश्नावली काढलीच नाही. माफी मागितली, नियम नीट सांगितला. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, यंदा बर्फ उशिरा धरला, आजोबा एकटेच जाळं लावायला गेले. एल्डरबद्दल विचारलं, तर ‘नको, आजोबांना फोन करता येईल का?’ वरिष्ठांना सोमवारी भेटतेय. तो १६-१७ चा नियम लेखी कुठे मिळेल?

टिटवी
ऑन्टारिओचा २०१७ चा बाल, युवा व कुटुंब सेवा कायदा, कलम १२५. छापून न्या.